नाकानं दिलेलं ओके

"वास येऊन नाई राह्यला का तुम्हाले?" वानखेडे सरांनी तिसऱ्यांदा विचारलं.

मीही तिसऱ्यांदा सांगितलं, "नाई जी सर. काईच नाई."

सकाळचे साडेदहा वाजले होते. वर्ध्याला लागून असलेल्या बोरगाव मेघेतलं सरांचं घर. मी त्यांच्या ओट्याखाली वाकून सिलेंडरच्या तोंडाशी नाक नेलेलं. सर स्वयंपाकघराच्या दारात उभे, आणि त्यांच्या मागे काकू, पदर नाकाला लावून. मी गॅस एजन्सीचा मेकॅनिक. बावीस वर्षं हेच काम. कुणाच्या घरी शेगडी पेटेना, रेग्युलेटर बसेना, गॅसचा वास आला, की फोन एजन्सीत जातो आणि एजन्सीतून मी जातो.

सरांची तक्रार वासाची होती. त्यांनी पहाटेपासून रेग्युलेटर बंद करून ठेवला होता. शहाणी माणसं. मी गेल्यावर तो चालू केला, शेगडीच्या दोन्ही चाव्या बंद आहेत हे बघितलं, नळीवरून नाक फिरवलं. काही नाही. म्हातारपणी लोकांना उगाच वास येतात, असं माझं तेव्हा ठाम मत होतं. रिटायर मास्तरांच्या घरी तर जरा जास्तच येतात. मी तपासणीच्या कागदावर 'लीकेज नाही, ओके' असं लिहिलं, सही केली, पेन खिशात ठेवला. आणि म्हाताऱ्यांची खात्री पटावी म्हणून म्हणालो, "थांबा, पेटवूनच दाखवतो."

मी लायटर उचलला तेवढ्यात सरांनी माझं मनगट धरलं. कॉपी करणाऱ्या पोराचं धरतात तसं.

"ठेवा तो खाली," ते म्हणाले. "सुमन, भांड्याच्या साबणाचा फेस आण वाटीत."

काकूंनी फेस आणला. सरांनी स्वतः खाली बसून तो रबरी नळीवर, रेग्युलेटरच्या जोडाजवळ लावला. आम्ही तिघं बघत राहिलो. एक बुडबुडा आला. फुगला, फुटला. मग दुसरा. मग रांगच लागली.

मी रेग्युलेटर बंद केला. खिडक्या आधीच उघड्या होत्या, मागचं दारही उघडलं. नळीला जोडाजवळ केसाएवढी चीर होती. ती काढून नवी नळी लावली. काकू मागे उभ्याच होत्या.

"मले पहाटे वास आला, अन् आता पुन्हा येऊन राह्यला," त्या म्हणाल्या. "अन् तुम्ही तीन वेळा नाई म्हणले. मले वाटलं, माह्याच डोक्यात काई फरक पडला."

मी चिरलेली नळी गुंडाळून बॅगेत टाकली.

इथे थोडं समजावून सांगतो. स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मुद्दाम एक घाणेरडा वास मिसळलेला असतो. गॅस हवेपेक्षा जड, म्हणून तो खाली साचतो, आणि वास घ्यायचा तर वाकून जमिनीजवळ घ्यावा लागतो. पण मेकॅनिकने वासावर जायचंच नसतं. नियम साबणाच्या पाण्याचा आहे. जोड, नळी, व्हॉल्व्ह, सगळीकडे साबण लावायचा आणि बुडबुडा येतो का ते बघत बसायचं. याला वेळ लागतो. नाकाचं काम एका मिनिटात होतं. दिवसाच्या तक्रारी चिकार असल्या की साबण बॅगेतच राहतो. आम्ही सगळेच हे करायचो, आणि त्यात मी सगळ्यांत पुढे. कारण माझं नाक नावाजलेलं होतं. दुसऱ्या मेकॅनिकला गळती सापडली नाही की मला बोलवायचे. आमचे मालक भैयाजी गिऱ्हाइकाला सांगायचे, "गजूले भेजून देतो. तो नाकानंच पकडते."

नळी बदलून झाल्यावर सरांनी मला बाहेर ओसरीवर बसवलं. मला वाटलं आता फोन एजन्सीत. पण ते विज्ञानाचे मास्तर होते. त्यांनी आधी विचारलं, "सर्दी आहे का?"

"सर्दी कायची सर. सायनस आहे. दहा वर्षं झाली."

खरंच दहा वर्षं झाली होती. सकाळी उठलं की कपाळावर वजन. वाकलं की गालांच्या हाडांत ठणका, आणि माझं तर कामच वाकायचं. नाकाची एक बाजू बंद, ती उघडली की दुसरी बंद. मी काय काय करून पाहिलं नव्हतं! गरम पाण्याची वाफ. वैद्यांचं नाकात सोडायचं तेल. साबुदाण्याएवढ्या गोड गोळ्या, त्या तर वर्षभर. अल्लीपूरला माझा मोठा भाऊ शेती करतो, त्याने कुणाकडून तरी आणलेली हुंगायची पूड. आणि शेवटी मेडिकल स्टोअरमधले थेंब. दोन थेंब टाकले की पाच मिनिटांत नाक मोकळं. आहाहा! दोन तासांनी पुन्हा बंद, पुन्हा दोन थेंब. ही बाटली तीन वर्षं माझ्या शर्टाच्या खिशात होती, पेनाच्या शेजारी.

"डोळे मिटा," सर म्हणाले.

"कायले?"

"मिटा तर."

मिटले. त्यांनी नाकासमोर एक डबी धरली. मला काही कळलं नाही. दुसरी धरली. तेही नाही. तिसरीला मी एकदम ओरडलो, "हा बाम! बाम आहे!"

"पहिली हिंगाची होती," सर म्हणाले. "दुसरी कॉफीची. तिसरा बाम, पण तो तुम्ही वासानं नाही ओळखला. तो नाकात झोंबला म्हणून ओळखला. झोंबणं वेगळं अन् वास वेगळा. तुम्हाले वास येतच नाही, गजूभाऊ."

काकू दारात होत्या. "अय माय!" एवढंच म्हणाल्या आणि आत जाऊन माझ्यासाठी चहा घेऊन आल्या. लीकेज माझ्याकडून सुटलं, चहा त्यांनी दिला.

"मी एजन्सीत फोन करत नाही," सर म्हणाले. "मालकाले तुम्ही स्वतः सांगा. आठ दिवसांनी मी विचारीन, सांगितलं का म्हणून."

दुपारी घरी जेवायला गेलो. बायकोला, नंदाला विचारलं, "माह्यं नाक कधीपासून गेलं असंल?"

तिने भात वाढता वाढता सांगितलं, "दिवाळीत. अनारसे करपले तवा तुम्ही बाजूले पेपर वाचत बसले होते. घरभर धूर. मी समजली, तुम्ही मुद्दाम उठले नाई. दोन दिवस बोलली नाई मी तुमच्यासंग, आठवते?"

अबोला आठवत होता. कारण तेव्हा कळलं नव्हतं.

दिवाळी. आणि आता होळी होऊन गेलेली. मधले सगळे महिने मी घरोघर वाकून, हुंगून, 'ओके' लिहून आलो होतो. जेवण तसंच राहिलं. सरांच्या घरी काकूंचं नाक होतं, म्हणून निभावलं. बाकीच्या घरांत कुणाचं नाक होतं? एकट्या म्हाताऱ्या किती होत्या? लहान पोरं असलेली घरं किती? मला खरंच भीती वाटली, आणि बावीस वर्षांत या कामाची मला कधी भीती वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी भैयाजींसमोर उभा राहिलो. भैयाजी व्यापारी घरातला माणूस, आवाज मोठा, मन बरं. सगळं सांगितलं.

"मजाक करून राह्यला का गजू?"

"नाई भैयाजी."

"तुले वास येत नाई? तुले?"

"दिवाळीपासून."

त्यांनी तक्रारींच्या कागदांचा गठ्ठा पुढे ओढला. मग म्हणाले, "कोणत्या घरी साबण लावला अन् कोणत्या घरी नाक, लिहून ठेवलं का?"

"नाई."

"मग सगळेच घरं. पुन्हा जाजो. साबण घेऊन."

"अन् माह्यं काम?"

"काम काय पळून चाल्लं? पह्यले ते घरं पाह्य. मग दवाखान्यात जा. मग बोलू."

मला वाटलं होतं गोदामात पाठवतील, सिलेंडर मोजायला. मेकॅनिकचं नाक गेलं म्हणजे त्याचं काय उरलं, असं मी समजत होतो. भैयाजींना तसं वाटत नव्हतं, किंवा वाटलं तरी त्यांनी दाखवलं नाही. संध्याकाळी मात्र त्यांनी सगळ्या मेकॅनिकांना उभं केलं आणि प्रत्येकाच्या बॅगेतली साबणाची बाटली बघितली. तिघांच्या बाटल्या कोरड्या ठणठणीत होत्या. माझीही.

मग तीन आठवडे मी जुन्या तक्रारींचे कागद घेऊन फिरलो. "पुन्हा काऊन आले? आम्ही तर बोलावलं नाई," लोक विचारायचे. सुरुवातीला 'कंपनीचा नियम आहे' असं सांगून वेळ मारून नेली. मग लाज वाटली आणि खरं सांगायला लागलो, "मागच्या टायमाले माह्यं नाक बंद होतं." काही हसले. एकजण म्हणाला, "बरं झालं आले." बहुतेक घरं चांगली निघाली. एक घर निघालं नाही.

ते सिंदी मेघेत एकट्या राहणाऱ्या एका बाईचं होतं. साबण लावला तर व्हॉल्व्हच्या तोंडातून बुडबुडे. सिलेंडरच्या व्हॉल्व्हमध्ये एक रबरी रिंग असते, रेग्युलेटर घट्ट बसावा म्हणून. ती झिजली होती. मी विचारलं, "बाई, वास येत नव्हता का?"

"येत होता न भाऊ," त्या म्हणाल्या. "पण तुम्ही ओके लिहून गेलते. मी म्हटलं, येत असंल थोडाफार. म्हणून सारा हिवाळा खिडकी उघडी ठेवून सैपाक केला मी. लय थंडी वाजे."

रिंग बदलली, पुन्हा साबण लावला, बुडबुडा नाही. त्यांना हात जोडले आणि बाहेर आलो. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या बाईने स्वतःच्या नाकापेक्षा माझ्या सहीवर जास्त विश्वास ठेवला होता.

त्यानंतर दवाखाना. वर्ध्यातल्याच एका कान-नाक-घशाच्या डॉक्टर मॅडम. त्यांनी बारीक दुर्बीण नाकात घातली आणि स्क्रीनवर मला माझंच नाक आतून दाखवलं. द्राक्षांच्या मण्यांसारखं काहीतरी लोंबत होतं. पॉलिप म्हणतात त्याला. मग सीटी स्कॅन झाला.

"नाकाच्या आजूबाजूला हाडांत पोकळ खोल्या असतात," मॅडमनी सांगितलं. "त्यांची दारं नाकात उघडतात. तुमच्या आतलं अस्तर सुजलंय, दारं बंद झालीत, आत पाणी तुंबतंय. वास घेणारी जागा पार वर छताला असते. तिथपर्यंत हवाच पोचत नाही."

हे मला पटकन समजलं. लाईन चोक आहे, बर्नर चांगला असेलही, गॅस पोचत नाही.

मॅडमनी खिशातली बाटली बघितली. "हे किती दिवसांपासून?"

"तीन वर्षं."

"हे चार-पाच दिवसांचं औषध आहे. पुढे यानेच नाक बंद होतं. आजपासून बंद."

पुढचे रस्ते त्यांनी सरळ सांगितले. आधी तीन महिने औषध. रोज मिठाच्या पाण्याने नाक धुवायचं, पाणी उकळून थंड केलेलंच. रोज स्प्रे. सुरुवातीला थोडे दिवस गोळ्या. त्याने भागलं नाही तर दुर्बिणीतून ऑपरेशन, मणी काढायचे आणि दारं मोकळी करायची. काहीच केलं नाही तर हळूहळू आणखी बंद.

"ऑपरेशन केलं की कायमचं काम होते न मॅडम?"

"नाही. मणी परत येऊ शकतात. धुणं आणि स्प्रे त्यानंतरही चालूच राहणार."

"वास येईल?"

"येऊ शकतो. गॅरंटी देत नाही."

मला त्या डॉक्टर आवडल्या. दहा वर्षांत मला प्रत्येकाने गॅरंटी दिली होती.

थेंब सोडल्यावरचे पहिले पंधरा दिवस बेकार गेले. तोंडाने श्वास, रात्री बसून झोप, चिडचिड. नंदा म्हणाली, "दारू सोडणारा माणूस बरा." स्प्रेही मी चुकीचा मारत होतो, सरळ वर, आणि जोरात ओढून घशात. मॅडमनी उजव्या हाताने डाव्या नाकपुडीत, बाहेरच्या भिंतीकडे तोंड करून मारायला शिकवलं. बावीस वर्षं लोकांना रेग्युलेटर कसा धरून बसवायचा ते मी शिकवतो. तीन महिन्यांत डोक्यावरचं वजन गेलं, वाकणं जमायला लागलं. वास मात्र आला नाही. मॅडमनी पुन्हा दुर्बीण घातली. मणी लहान झाले होते, गेले नव्हते.

आता ठरवायचं मला होतं. काम तर साबणावर छान चाललं होतं. उलट गळत्या जास्त सापडत होत्या. नंदा म्हणाली, "नोकरी चालून राह्यली, डोकं दुखत नाई, मग कायले नाकात कापाकापी?" अल्लीपूरहून भावाचा फोन आला, "तिथं डोळा जवळ असते म्हणते बापा, मेंदू जवळ असते. राहू दे." मी मॅडमना तेही विचारलं. त्या म्हणाल्या, "जवळ असतो, खरं आहे. धोका कमी आहे, पण नाही असं सांगणार नाही." मी घरी आलो आणि राहू द्यायचं ठरवलं.

पण घरात एक नवा नियम लागू झाला होता. नंदा बाहेर जाताना रेग्युलेटर बंद करायची आणि मला बजावून जायची, "गॅस लावू नका. चहा टपरीवर पेजा." ती बहिणीकडे दोन दिवस गेली तेव्हा शेजारणीला सांगून गेली, सकाळ-संध्याकाळ येऊन आमच्या घरात वास घेऊन जायला. शेजारीण खरंच यायची. स्वयंपाकघरात उभी राहून दोनदा हुंगायची, "काई नाई भाऊजी" म्हणायची आणि जायची. साऱ्या वर्ध्याच्या शेगड्या मी पेटवल्या, आणि माझ्याच घरात मला गॅस लावायची परवानगी नव्हती. मी हसण्यावारी नेलं, पण ते खोल लागलं. आणि ती बाई आठवली, हिवाळाभर खिडकी उघडी ठेवणारी. आता तसा मी होतो, दुसऱ्याच्या 'काई नाई'वर बसलेला.

दुसऱ्या दिवशी मॅडमकडे जाऊन ऑपरेशनची तारीख घेतली. नोकरीसाठी नाही. स्वतःच्या घरात एकट्याने चहा करता यावा म्हणून.

ऑपरेशन बरं झालं. नंतर काही आठवडे खपल्या, धुणं, तपासण्या. एका सकाळी अंथरुणातच मला हिंग कळला. नंदा फोडणी घालत होती. मी आतूनच ओरडलो, "हिंग जास्त झाला!" ती पळत आली. मी तिची चूक काढल्यावर ती एवढी खूश झालेली मी आजवर पाहिली नव्हती. वास सगळा आलेला नाही. अर्ध्याच्या वर आला असेल. मिठाचं पाणी आणि स्प्रे रोज चालू आहे.

कामावर आल्यावर मित्रांनी ओरडा केला, "गजूचं नाक वापस आलं!" भैयाजींनी पेढे मागवले. आणि दोन दिवसांनी तक्रार आली, बोरगाव मेघे, वानखेडे सर. वास येतो.

मी दारातून आत गेलो आणि थबकलो. वास! मला! स्वयंपाकघरात खाली वाकलो तर आणखी जास्त. तोच घाणेरडा, सडका, गॅसवाला वास. डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं.

"सर, लीक आहे!" मी म्हणालो. "वास येऊन राह्यला मले!"

"पक्कं?"

"शंभर टक्के. नळी नाई तर व्हॉल्व्ह."

सरांनी नुसतं माझ्या बॅगेकडे बघितलं. मी बाटली काढली. नळीला फेस लावला. बुडबुडा नाही. जोडाला लावला. नाही. व्हॉल्व्ह, शेगडीच्या चाव्या, सगळीकडे फेस लावून बसून राहिलो. सर शेजारी खाली बसले. फेस आपोआप विरला, एक बुडबुडा आला नाही.

मग मी ओट्याखाली आणखी आत हात घातला. सिलेंडरच्या मागे कांदे-आलूची टोपली होती. तळाशी दोन आलू सडून पाणी झाले होते. टोपली बाहेर ओढली तसा वास भपकन आला.

"अय माय!" काकूंनी पदर तोंडाला लावला आणि हसत सुटल्या. सरही हसले. मलाही हसू आलं, पण आतून जरा ओशाळलो. इतके महिने धुतलेलं, कापलेलं, जपलेलं नाक, आणि पहिल्याच घरी त्याने शंभर टक्के खोटी साक्ष दिली.

टोपली अंगणात नेऊन ठेवली. हात धुतले. कागदावर लिहिलं, 'साबणाने तपासले, लीकेज नाही.' खाली सही केली.

"नाकाचं काई लिहिलं नाही?" सरांनी विचारलं.

"नाई सर. नाक आता फक्त घरच्या फोडणीपुरतं."

काकूंनी लायटर माझ्या हातात दिला. "पेटवा," त्या म्हणाल्या. "चहा तुम्हीच ठेवा."